गाडीचा खुबा निखळला तेव्हा

वर्तकनगरच्या आतल्या एका गल्लीत, पिंपळाच्या पाराला खेटून एक गॅरेज आहे. त्याला पाटी नाही. "पाटी कशाला? ज्यांना यायचं ते येतात," असं मिस्त्रींचं म्हणणं. त्यामुळे नाव लिहायची सोय नाही. पोखरण रोड नंबर एकवरून वर्तकनगर नाक्याला आत वळा आणि जिथे एक पद्मिनी, दोन ओम्नी आणि घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवलेली एखादी मारुती एट हंड्रेड दिसेल तिथे थांबा. गेल्या ऑगस्टात घोडीवरची एट हंड्रेड माझी होती.

गाडी १९९६ची. पांढरी, एमएच-०४, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. थंडीत आजही चोक ओढल्याशिवाय उठत नाही. मी बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं कर्जविभागात गेली, त्यामुळे लिहून ठेवायची खोड आहे. या गाडीवर खर्च झालेला प्रत्येक रुपया एका लांब वहीत आहे. पहिली नोंद पेढ्यांची आणि नारळाची. भाचा म्हणतो, "मावशी, गाडीपेक्षा वही म्युझियमला दे."

एप्रिलपासून डाव्या पुढच्या चाकातून आवाज येऊ लागला. स्पीडब्रेकरवरून चाक खाली उतरलं की एकच 'टक्'. पत्र्याचा डबा फळीवर ठेवावा तसा. भाच्याचं निदान होतं सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. पण सीव्ही जॉइंट गेला की स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी पुढे घेताना कट-कट-कट अशी माळ लागते. तो मी २००७ला बदललाय, मला तो आवाज झोपेत ओळखता येईल. हा वेगळा होता.

मे महिन्यात मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन, भिंतीवर टीव्ही. काचेतून गाडी वर उचललेली दिसते, पण आत जायला बंदी. तासाभराने टॅब घेतलेला एक मुलगा आला, दोन्ही पुढचे शॉकअप गेलेत म्हणाला आणि ९,८४० रुपयांचं एस्टिमेट पुढे केलं. मी विचारलं, "लोअर आर्म बघितला का?" (म्हणजे चाकाचा तळ जागेवर धरणारी खालची दांडी.) "सगळं चेक केलंय मॅडम." शॉकअप बदलले. गाडी बसायला मऊ झाली, ते नाकारत नाही. आवाज मात्र तसाच. परत नेली तर तोच मुलगा म्हणाला, "जुनी गाडी आहे मॅडम, आवाज येणारच."

कर्जविभागात असताना 'कागदपत्रं पूर्ण आहेत' असं म्हणणाऱ्या माणसाला मी प्रत्येक कागद मागायचे. इथे नाही मागितला. चूक माझीही.

ऑगस्टातल्या शनिवारी कासारवडवलीहून परत येत होते. घोडबंदर रोडची अवस्था ठाणेकरांना सांगायला नको. मेट्रोचे पत्रे, त्यांच्या कडेने उरलेली दीड लेन, आणि खड्ड्यात भरलेले पेव्हर ब्लॉक, जे दोन पावसांत खड्ड्यापेक्षा उंच होऊन बसतात. माझ्या गाडीचं चाक बारा इंची. हल्लीच्या मोठ्या चाकाच्या गाड्या ज्या खड्ड्यावरून जातात, त्यात माझी गाडी आत जाते. आणि रस्त्याची डावी कड सगळ्यात वाईट असल्यामुळे मार खातं ते डावं चाक.

कापूरबावडी, माजिवडा, नितीन कंपनी, सगळं पार पडलं. पाचपाखाडीत घराच्या गल्लीत वळताना, दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी दहा-बाराच्या वेगात, धाड्. गाडी डाव्या बाजूला बसली आणि स्टेअरिंग हातात नुसतंच फिरू लागलं. उतरून पाहिलं तर चाकाचा खालचा भाग बाहेर आलेला, वरचा आत, मडगार्ड टायरवर टेकलेलं. मांडी घालून बसलेल्या माणसाचा एक पाय भलतीकडे जावा तसं. खाली तेलाचा ओघळ. समोरच्या इस्त्रीवाल्याने पहिल्यांदा मला पाणी दिलं, मग चाकाकडे बघून म्हणाला, "हायवेला झालं असतं तर?" तेच मीही मनात म्हणत होते, पण त्याने मोठ्याने म्हणायची गरज नव्हती.

मिस्त्रींचा नंबर त्यानेच दिला. सातव्यांदा फोन लागला. अर्ध्या तासात ते स्कूटरवर आले, मागे हाताखालचा पोऱ्या, मांडीवर जॅक. तोवर कुणीतरी बोलावलेला टोइंगवाला हुकाला दोर अडकवत होता. मिस्त्रींनी त्याला थांबवलं. चाक बाहेर गेलं की त्याच्याबरोबर ड्राइव्हशाफ्टही, म्हणजे गिअरबॉक्सातून चाक फिरवणारा दांडाही, ओढला जातो आणि गिअरबॉक्सातून सुटतो. खाली गळत होतं ते गिअर ऑइल. तशीच ओढली असती तर शाफ्ट, ब्रेकचा होज आणि मडगार्ड, तिन्ही गेले असते. त्यांनी जॅक लावला, टॉमीने (पहारीसारख्या लोखंडी दांड्याने) चाकाचा खालचा भाग रेटून आत घेतला, आर्म आणि नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) जाड तारेने आवळून बांधले, आणि गाडी फ्लॅटबेडवर चढण्यापुरती उभी केली. "ही बांधणी वीस फुटांची आहे. एकविसाव्याला माझी जबाबदारी नाही."

रविवारी दुपारी गॅरेजवर गेले. इथे वेटिंग रूम नाही, त्यामुळे आत जायला बंदी करणारं कुणी नाही. मिस्त्रींनी मला गाडीखाली वाकायला लावलं आणि टॉर्च मारला. पुढचा तास माझ्या मते या गॅरेजची खरी किंमत आहे, म्हणून तो नीट सांगते.

बॉल जॉइंट म्हणजे गाडीचा खुबा. वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा. वाटी लोअर आर्मच्या टोकाला, आणि गोळ्याचा दांडा वर चाकाच्या नकलमध्ये. चाक खालीवर होतं आणि डावी-उजवीकडे वळतं, या दोन्ही हालचाली एकाच सांध्याला सांभाळायच्या असतात, म्हणून तिथे साधा बिजागरीसारखा जोड चालत नाही. आत ग्रीस, वर रबराची टोपी. ही टोपी फाटली की पावसाचं पाणी आणि रस्त्याची रेती आत जाते, ग्रीस धुऊन निघतं, आणि मग रेती गोळ्याला पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

"मग आधी गाडी एका बाजूला झुकायला नको होती का?" मी विचारलं. नाही, आणि त्यातच फसगत आहे. एट हंड्रेडच्या पुढच्या चाकाला स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. गाडीचं वजन बॉडीतून स्प्रिंगवर, तिथून स्ट्रटवरून थेट चाकाला जातं. लोअर आर्मवर वजन येतच नाही. त्याचं काम चाकाचा तळ जागेवर धरून ठेवायचं. त्यामुळे सांधा झिजला तरी गाडी झुकत नाही, बसत नाही. फक्त टक् म्हणते. आणि ज्या दिवशी गोळा वाटीतून बाहेर पडण्याइतका झिजतो, तो बहुतेक वळणावरचाच दिवस असतो, कारण तेव्हा चाकाला बाजूने जोर बसतो.

मग त्यांनी उजव्या, शाबूत बाजूवर तपासणी करून दाखवली. जॅक आर्मखाली नाही, चेसिसच्या कडेला लावायचा, म्हणजे चाक मोकळं लोंबकळतं. चाक वर आणि खाली धरून हलवायचं. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, तरीही हललं तर सांध्यांचा. मग आर्म आणि नकलमध्ये टॉमी घालून हलकेच उचकायचं आणि सांध्यावर बोट ठेवायचं. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला कळते. सगळं मिळून चार मिनिटं. कॉफीच्या मशीनला कप भरायला यापेक्षा फारसा कमी वेळ लागत नाही.

डाव्या बाजूचा गोळा बाहेर होता, दांडा अजून नकलमध्ये अडकलेला. गोळा वाटाण्यासारखा हवा, तो हरभऱ्यासारखा झालेला, एका बाजूला चोच. वाटीत ग्रीसच्या जागी विटकरी लगदा. रबरी टोपीला एक सरळ चीर. मी लगेच वर्कशॉपवर घसरले, शॉकअप काढताना त्यांनीच छिन्नी लावली असणार म्हणून. मिस्त्री म्हणाले, "चीर दिसतेय ताई. कुणी पाडली ते रबर सांगत नाही. आणि आवाज तुम्हाला एप्रिलपासून येतोय ना?" बरोबर. गाडी तिथे गेली मे महिन्यात. मी गप्प.

दांडा काढणं हे खरं काम होतं. नकलला खाली एक उभी फट असते. दांडा खालून त्यात शिरतो, दांड्याला एक गोल खाच असते, आणि आडवा बोल्ट त्या खाचेतून आरपार जाऊन फट आवळतो. सोपं दिसतं. पण हा बोल्ट बहुधा कित्येक पावसाळे तिथेच होता आणि गंजून नकलचाच भाग झाला होता. पोऱ्याने गॅसची नळी आणली तर मिस्त्री त्याच्यावर ओरडले: दोन इंचांवर ड्राइव्हशाफ्टचं रबर आहे, ते वितळलं तर एका बोल्टपायी शंभर कामं. त्याऐवजी वायर ब्रशने आटे साफ केले, गंज सोडवायचा स्प्रे मारला, तासाने पुन्हा मारला, आणि रात्रभर तसाच ठेवला. सोमवारी सकाळी पाना लावून बोल्ट आधी किंचित आवळला. सोडवायचाय तर आवळायचा कशाला? गंजाची पकड आधी कुठल्याही दिशेने तुटली पाहिजे, मग उलटं फिरवायचं. नाहीतर डोकं हातात येतं आणि बोल्ट आतच राहतो. 'खट्' असा कोरडा आवाज आला आणि मिस्त्री पहिल्यांदा हसले.

फट थोडी उघडायला त्यांनी पातळ छिन्नी घातली आणि हातोडीचे दोनच ठोके दिले. पोऱ्याला समजावत होते, जास्त फाकवली तर नकलला तडा जातो आणि मग नकल शोधत फिरावं लागतं.

पार्ट मी आणला. ठाण्यातल्या दोन दुकानांत "ऑर्डर द्यावी लागेल, चार दिवस" ऐकलं, म्हणून लोकल पकडून कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले. काउंटरवर मुलाने तीन आर्म मांडले: कंपनीच्या सीलबंद पाकिटातला ११८०, दुसऱ्या एका मेकचा खोक्यातला ७००, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला ३८०. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, दांडा धरून फिरवून बघा, नवा सांधा हाताला घट्ट लागला पाहिजे. ३८०वाला देवघरातल्या घंटेसारखा डुलत होता. सातशेवाला घट्ट होता, पण रबराची टोपी फुग्याच्या रबराइतकी पातळ. ११८० मोजले. मला वाटलं होतं नुसता बॉल जॉइंट मिळेल, आर्म कशाला? पण कंपनीचा आर्म सांध्यासकटच येतो. जुन्या आर्ममध्ये नवा सांधा ठोकून देणारे आहेत. मिस्त्री ते करत नाहीत, आणि शनिवारचं चाक बघितल्यावर मलाही करून घ्यायचं नव्हतं.

पार्टच्या दुकानातल्या मुलाने विचारलं, "अजून चालवता एट हंड्रेड?" ही गाडी डिसेंबर १९८३ला आली आणि जानेवारी २०१४ला शेवटची बनली. तीस वर्षांत लाखोंनी खपली, रस्त्यावर अजूनही आहे, म्हणूनच तुझ्या दुकानात तीन-तीन प्रकारचे आर्म आहेत, असं मी त्याला ऐकवलं. त्याने पन्नास रुपये कमी केले नाहीत ते नाहीच.

बसवणं मंगळवारी. दांडा नकलमध्ये पूर्ण वर सरकला की नाही हे कळायची खूण: नवा बोल्ट बोटाने आरपार गेला पाहिजे. अडला तर खाच समोर आलेली नाही, ठोकायचं नाही, दांडा आणखी वर घ्यायचा. जुना बोल्ट मिस्त्रींनी परत वापरला नाही. स्टॅबिलायझरचा बार (वळणावर गाडी कलू न देणारा) या आर्ममधून जातो, त्याचे रबरी बुश चपटे झाले होते, तेही बदलले, आणि टोकाच्या नटला नवी स्प्लिट पिन. शाफ्ट गिअरबॉक्सात परत बसवला, नवं सील घातलं, नव्वद नंबरचं ऑइल भरलं.

एक गोष्ट मी या आधी कुठल्याही गॅरेजात पाहिली नव्हती. आर्मचा आतला, बुशवाला बोल्ट त्यांनी आधी अर्धवटच आवळला. गाडी खाली घेतली, पुढे बसून दोनदा खालीवर दाबली, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना आडवे होऊन शेवटचा पाना मारला. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. हे एसीत कुणी करतं का मला माहीत नाही. काचेतून दिसलं नव्हतं.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

गॅरेज अकराच्या आधी उघडत नाही आणि फोन लागणं नशिबावर. बिल मिळत नाही. मी हट्टच धरला तेव्हा कॅलेंडरच्या पानामागे हिशेब लिहून मिळाला. तो वहीत चिकटवलाय. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) भिंतीवर टांगलेला आहे, पण मी विचारल्यावरच खाली आला. काढला ते बरं, पण मी बोलले नसते तर? अलाइनमेंटचं मशीन नाही, त्यामुळे गाडी दुसरीकडे न्यावी लागली. या गाडीत टो (चाकं पुढून आत की बाहेर वळलेली ते) तेवढा टाय रॉडवरून, म्हणजे स्टेअरिंगच्या दांडीवरून, जुळवता येतो, कॅम्बर-कॅस्टर या चाकाच्या बाकीच्या कोनांना जुळवणीच नाही. तेव्हा 'फुल अलाइनमेंट'चे हजार मागणाऱ्याला मी चारशे दिले. डासांबद्दल बोलत नाही, पिंपळाखाली ते असणारच. बायकांनी तीन-चार तास थांबायचं असेल तर शेजारच्या डेअरीवाल्या वहिनींशी आधी ओळख करून ठेवावी, एवढंच सुचवते.

आणि एक वाद झाला. मी म्हटलं, उजव्या बाजूचाही आर्म बदला, जोडीने बदलावं. मिस्त्री म्हणाले, "घट्ट आहे, टोपी शाबूत आहे. पैसे कशाला घालवता?" मला ते पटलं नाही. दोन्ही बाजू एकाच वयाच्या, एक गेली की दुसरी जाणार, असा माझा हिशेब. चिडूनच घरी आले आणि वही काढली. डावा आर्म २००९चा. उजवा २०१७चा, मीच लिहिलेला, माझ्याच अक्षरात, पुढे '(फुटपाथवर चढली, चूक रिक्षावाल्याची)' अशा शेऱ्यासकट. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी नुसतं "हां" म्हटलं.

खर्च: आर्म ११८०, बोल्ट ६०, बुश २४०, सील १४०, गिअर ऑइल ६२०, मजुरी १२००. म्हणजे ३,४४० रुपये. फ्लॅटबेडचे १८०० आणि अलाइनमेंटचे ४०० वेगळे. मे महिन्यातले ९,८४० मी याच्या शेजारच्या रकान्यात लाल पेनने लिहिलेत. शॉकअपची कधीतरी गरज होतीच, असं भाचा म्हणतो. असेल.

आवाज गेला. गायमुखपर्यंत जाऊन आले, खिडकी उघडी ठेवून, रेडिओ बंद करून. परत येताना एका स्पीडब्रेकरवर टक् झालं आणि जीव घशात आला. डिकीत पान्याचा डबा सरकला होता.

फाटक्या टोपीचा जुना आर्म मिस्त्रींनी मागायच्या आधीच पिशवीत घालून दिला. सध्या तो बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे आहे. उजवी बाजू दिवाळीनंतर पुन्हा टॉमी लावून बघायची ठरलीय, तेव्हा पिंपळाखाली खेप होईलच. बसायला तिथे एक टायर आहे, तोही बहुतेक वेळा एका कुत्र्याने अडवलेला. मी डिकीत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलंय.